आधी घर पाहू

नोकरी सोडायची तर शांतपणे सोडावी, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी भांडून सोडली. बुटीबोरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात बारा वर्षं काढली होती. एका दुपारी साहेबांशी असं वाजलं, की टेबलावरची मनी प्लांटची बाटली उचलून मी तडक बस पकडली. भांडण कशावरून झालं ते आता धड आठवतही नाही. मी तापट आहे, माझ्या भांडणांना फार मोठी कारणं लागत नाहीत. घरी आल्यावर नवऱ्याने बाटलीकडे बघून विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता माझी स्वतःची एजन्सी." हे मी त्याच क्षणी ठरवलं होतं. बसमध्येसुद्धा ते डोक्यात नव्हतं.

महिन्याभरात नागपूरच्या सदरमध्ये चष्म्याच्या एका दुकानावरची खोली भाड्याने घेतली. दोन टेबलं, चार खुर्च्या, पाण्याचा माठ, आणि जिन्याच्या टोकाला अख्ख्या मजल्यात मिळून एक बाथरूम. दारावर पाटी लावली, अगरबत्ती लावली आणि बसले. माणसं यायची, पण एक तर नोकरी मागणारी, नाही तर चष्म्याचा नंबर काढायला चुकून एक मजला जास्त चढलेली. नोकरी देणारं कोणी जिना चढेना. नवरा शाळेत मास्तर आहे, त्याला दुसऱ्यांच्या चुका दाखवायची सवय आहे. तो रोज जेवताना विचारायचा, "साहेबांचा नंबर अजून आहे न तुझ्याजवळ?" तो चेष्टाच करत होता, पण मी ताट उचलून आत जायचे. कारण परत जाऊन त्याच साहेबांसमोर उभं राहायची वेळ खरंच जवळ येत चालली होती.

तशात पहिलं काम आलं. बुटीबोरीतल्याच दुसऱ्या एका सूतगिरणीचा अधिकारी माझ्या थोड्याशा ओळखीचा होता. माझ्याहून वयाने लहान, बोलायला नम्र, सतत घाईत. त्याला सूत काढायच्या खात्यात चौदा मुली हव्या होत्या. बारावी झालेल्या चालतील, शिकवून घेऊ, राहायला आवारातच हॉस्टेल आहे, असं म्हणाला. "फक्त येत्या सोमवारी चौदा जणी गेटवर दिसल्या पाहिजेत, मॅडम. तेवढं जमवा, पुढचं सगळं काम तुमच्याकडेच." मी त्याच्या गार केबिनमध्ये चहा प्यायले, हॉस्टेलचे चकचकीत फोटो मोबाईलवर घेतले आणि नाचतच बाहेर आले.

उमरेडच्या पुढच्या एका गावात माझी मामेबहीण अंगणवाडीत आहे. तिने दोन दिवसांत चौदा मुली जमवल्या. अंगणवाडीच्या खोलीत, भिंतीवरच्या फळांच्या चित्रांखाली, मुली आणि त्यांच्या आया बसल्या. मी उभी राहून पगार, पीएफ, सुट्ट्या, गेटवरचा पहारेकरी, कॅमेरे, सगळं सांगितलं. फोटो दाखवले. माना डोलत होत्या. आता फक्त सह्या, असं मी मनात म्हणते आहे, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी जेवल्या का तिथं?"

पन्नाशीच्या आतबाहेरची असेल. मिरचीचे देठ खुडायच्या कामावरून तशीच उठून आली होती. तिच्या पदराला मिरची इतकी बसली होती, की शेजारच्या दोघी आलटून पालटून शिंकत होत्या. तिची मुलगी दाराला टेकून उभी होती. सगळं गाव त्या बाईला काकू म्हणत होतं, म्हणून मीही काकू म्हणू लागले.

"हो, जेवले न," मी म्हटलं. खोटं. मी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

"भाजी काय होती?"

"आलू-वांगं."

आलू-वांगंच का तोंडात आलं, देव जाणे. काकू म्हणाली, "बरं. मंग आमी घर पाहाले येतो."

मला आधी कळलंच नाही. मामेबहिणीने कानाशी समजावलं. मुलगी द्यायची असली की इकडच्या बाया आधी जाऊन घर बघून येतात. चूल कुठे, पाणी कुठून येतं, मोरी कशी आहे, हे पुरुषांना दिसत नाही म्हणून बाया जातात. आणि सोयरीक पक्की होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाहीत. आमच्या घरीही हे होतं की. मला ते सदरच्या पाटीखाली बसल्यापासून आठवेनासं झालं होतं.

माझं डोकं सणकलं. सोमवार चार दिवसांवर होता. "काकू, हे काय लग्न आहे का? कंपनी आहे ती. असं कोणी पाहाले जात नसते."

काकूचा आवाज जराही चढला नाही. "लग्नात तं एकच पोट्टी जाते वं मॅडम. इथून चौदा चालल्या."

खोलीतल्या बाकीच्या बायांनी एकदम माना हलवल्या, आणि मी समजले. काकू येणार असेल तर सगळ्या येणार, ती नाही म्हणाली तर एकही येणार नाही. मी पाय आपटत बाहेर आले. मागोमाग तिची मुलगी आली. बुटकी, बारीक, चष्मेवाली. "मॅडम, तुमी आईले नाही म्हणू नका," ती हळूच म्हणाली. "तिले पाहू द्या. हे काम नाही झालं तं दिवाळीत माह्यं लगन लावून राहिले घरचे. मले आताच नाही करायचं." एवढं बोलून ती आत पळाली. मी विहिरीपाशी जरा वेळ उभी राहिले. तोवर मला वाटत होतं की या सगळ्यात माझंच काय ते पणाला लागलं आहे.

शनिवारी सात बाया निघाल्या. मी गाडी करते म्हटलं तर नको म्हणाल्या. एसटीत आता बायांना अर्धंच तिकीट लागतं, मग दुसऱ्याची गाडी कशाला? ठेवणीतल्या साड्या, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. दोन एसट्या बदलून अकराच्या सुमारास गेटवर पोचलो. अधिकाऱ्याने हौसेने मोठ्या खोलीत चहा-बिस्किटं मांडून ठेवली होती. सातही जणी खुर्च्यांच्या टोकाला बसल्या. कपाला कोणी हात लावेना.

"घ्या ना, घ्या," तो म्हणाला.

"राहू द्या, साहेब," काकू म्हणाली. "आधी घर पाहू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळवाणं हसले. चहावर हळूहळू साय धरत होती.

मग त्यांनी ते हॉस्टेल असं पाहिलं, की माझ्या बारा वर्षांत आलेल्या कुठल्या सरकारी साहेबाने कारखाना तसा पाहिला नव्हता. एकीने गाद्या दाबल्या, एकीने खिडकीची जाळी हलवून बघितली, एक पाण्याच्या टाकीची शिडी चढून वर गेली, ठेवणीतल्या साडीसकट. स्वयंपाकघरात काकूने कणीक चिमटीत घेऊन पाहिली, वरणाचा वास घेतला आणि आचाऱ्याला विचारलं, "वांगं करता का गा कधी?"

"नाही, काकू. वांगं कोणी खातच नाही इथं, आमी आणतच नाही."

काकूने माझ्याकडे बघितलं. मी गॅसच्या सिलिंडरकडे बघितलं.

सगळ्यात शेवटी बाथरुमं. ओळीने सहा, नव्या फरशा, धुऊन लख्ख. काकू पहिल्यात शिरली आणि तिने दार लोटून घेतलं. दार आपोआप उघडलं. ती दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली. सहाव्यातून बाहेर येऊन तिने अधिकाऱ्याला विचारलं, "कडी कोठी आहे?"

तो जरा गडबडला. मागे एक मुलगी आत चक्कर येऊन पडली होती, दार तोडावं लागलं, म्हणून सगळ्याच कड्या काढून टाकल्या, असं त्याने सांगितलं. सुरक्षेसाठीच. तो खोटं बोलत नव्हता. "मुली करतात ॲडजस्ट. एक आत गेली की एक बाहेर उभी राहते. काही प्रॉब्लेम नाही येत."

"म्हणजे एक आंग धुते अन् एक राखण करते," काकू म्हणाली. "मंग कामावर कवा जाते?"

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. माझ्या जुन्या कारखान्यातही बायांच्या बाथरूमला कडी नव्हती. मी लागले तेव्हाही नव्हती, भांडून निघाले तेव्हाही नव्हती. बारा वर्षं आम्ही एकमेकींसाठी दाराबाहेर उभ्या राहिलो. "जरा येतेस का?" एवढं म्हटलं की शेजारची उठायची. आणि मी तर पर्सोनेल विभागात होते! पंखे, खुर्च्या, दिवाळीच्या मिठाईचे डबे, सगळ्यासाठी मी अर्ज लिहिले, भांडणंही केली. कडीसाठी एक ओळ लिहिली नाही. ती मागायची गोष्ट आहे हेच कधी सुचलं नाही. भांडकुदळ म्हणून नाव कमावलेली बाई मी, आणि हक्काचं भांडण राहूनच गेलं होतं.

बाया गेटबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही समजवा त्यांना. कड्यांचं बघू पुढे. सोमवारी मुली येऊ द्या."

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, 'हो'च म्हणणार होते. डोळ्यांसमोर भाड्याची खोली होती, जेवताना प्रश्न विचारणारा नवरा होता. पण तोंडातून निघालं, "कड्या लागेपर्यंत मी एकही मुलगी पाठवणार नाही."

"नागपुरात एजन्स्या खूप आहेत, मॅडम."

"असतील न. त्यांना बोलवा."

मी बाहेर कडुनिंबाखाली आले. काकूने सरकून जागा केली, भाकरीवर चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आलू-वांगं नाही आहे वं, घे." सातही जणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले आणि हसता हसता रडले. एकीने पाण्याची बाटली पुढे केली, घरून आणलेली.

सोमवार आला आणि गेला. मंगळवारपासून रोज सकाळी काकूच्या मुलीचा एकच मेसेज यायचा, 'मॅडम कडी लागली का'. मी रोज लिहायची, 'अजून नाही'. पुढच्या आठवड्यात तिला बघायला कोणी येणार असल्याचंही तिने कळवलं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. त्याने साहेबांच्या नंबराचं विचारणं बंद केलं, त्यामुळे मला जास्तच भीती वाटू लागली. चूक केली का, हे मी माठाला, मनी प्लांटला, सगळ्यांना विचारून झालं.

दहाव्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन आला. "लावल्या, मॅडम. बाहेरून नाणं घालून उघडता येतील अशा लावल्या, म्हणजे कोणी आत पडलं तरी अडचण नाही. तुमच्या त्या काकूंना घेऊन या." मग म्हणाला, "घरी सहज सांगितलं हो मी हे, तर बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

या वेळी काकू एकटीच आली. सहा बाथरुमं, सहा दारं. एकेकात शिरून तिने आतून कडी लावली, काढली. खट, खट. मी आणि अधिकारी शाळेतल्या मुलांसारखे बाहेर उभे. सहावी झाल्यावर ती त्याच्या केबिनमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "साहेब, पाणी सांगा."

पाणी आलं. ती पेलाभर पाणी प्यायली. त्या बिचाऱ्याला काय घडलं ते कळलंच नाही, तो फोनवर बोलत होता. मला मात्र साखरपुडा झाल्यासारखं झालं. दोन दिवसांनी चौदा मुली गेटवर उभ्या राहिल्या. चष्मेवाली सगळ्यांत पुढे.

काकू पाणी प्यायली त्या दिवशी परत येताना एसटीत मी काकूला विचारलं, कडीचं तुमच्या बरोबर लक्षात कसं आलं? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माह्यं घर पाहाले कोणी गेलं नवतं. बापानं बाजारातच सोयरीक केली. तिथं तट्ट्याची न्हाणी होती, दार नवतं. अकरा वर्सं मी उजाडाच्या आंधी आंग धुतलं, सारे झोपलेले असतानी." मग तिने माझ्या मांडीवर थाप मारली. "तवा कोणी विचारलं असतं तं मीनं बी सांगतलं असतं, काही प्रॉब्लेम नाही म्हणून."

त्यानंतर आमच्या एजन्सीचा रिवाज पडला. जिथे माणूस पाठवायचं तिथे आधी जाऊन जेवायचं, घर पाहायचं. काही कारखान्यांनी मला दारातून वाटेला लावलं. काहींनी आधी नाकं मुरडली आणि मग, पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसं, आम्ही यायच्या आधी हॉस्टेल आवरून ठेवू लागले. गावोगावच्या आया माझ्याकडे मुली पाठवायला कचरेनाशा झाल्या. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. आज माझं जे काही बरं चाललं आहे ते त्या बाईच्या एका प्रश्नामुळे. तिचे उपकार मी मानते, आणि ते फिटावेत असंही मला वाटत नाही.

पण एकटीने सगळीकडे जाणं होईना. शिवाय मला दिसत नाही ते काकूला दिसतं, हे मला ठाऊक होतं. दीड वर्षाने मी तिच्या अंगणात जाऊन बसले, शिंकत शिंकत विचारलं, "काकू, माझ्याबरोबर काम करता का? घरं पाहायचं काम. रीतसर पगारावर." तिने हातातल्या मिरच्या सुपात टाकल्या. "येतो," ती म्हणाली. "पण आंधी घर पाहू."

मी हसले. हसायला नको होतं.

ठरल्या दिवशी ती सदरचा जिना चढून वर आली. मी नवा पेला धुऊन, माठातलं पाणी भरून तिच्यापुढे ठेवला. तिने खुर्ची हलवून बघितली, खिडकी उघडून बघितली, माठाचं झाकण काढून आत बघितलं. मग विचारलं, "बाथरूम कोठी आहे वं?"

तेव्हा कुठे मला आठवलं. जिन्याच्या टोकाच्या त्या बाथरूमची कडी मी खोली घेतली त्या दिवशीही मोडलेलीच होती. आत एक वीट ठेवलेली होती. दाराला वीट लावायची आणि एक हात दारावर धरायचा. अर्ध्या बुटीबोरीला मी कड्यांवरून धारेवर धरलं होतं, आणि स्वतः दीड वर्ष रोज त्या विटेला दार टेकवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काकू परत आली ती वीट हातात घेऊनच. तिने ती माझ्या टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली आणि पदर सावरून बसली. पेल्याला हातही लावला नाही.

मी जिना धावत उतरले. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली. खालच्या दुकानातल्या चष्मेवाल्याकडे पेचकस मागितला, तर त्याने चष्म्याचा, करंगळीएवढा दिला. परत हार्डवेअरकडे. दुकानदार म्हणाला माणूस पाठवतो संध्याकाळी, मी म्हटलं आत्ता. शेवटी मीच बसून चार स्क्रू पिळले. कडी जराशी वाकडी बसली, हाताला फोड आला, पण ती लागली.

"पाहा," मी धापा टाकत म्हटलं.

काकू उठली, आत गेली. दार लागलं. खट.

मी तिथेच दाराबाहेर उभी राहिले, पाठ दाराकडे, तोंड जिन्याकडे, कोणी वर येतं का बघत. आपण काय करतो आहोत हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग आतून आवाज आला.

"तू काहून उभी आहे वं तिथं? जाय, बस तुह्या जाग्यावर. कडी लागली आहे."

मी येऊन माझ्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने ती आली, पेला उचलून एका दमात रिकामा केला आणि अजून एक मागितला.